दातांच्या कण्या: ड्युटी लावणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक सेवांमधल्या कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या, रजा आणि वैद्यकीय तपासण्या ठरवणारे सर्व अधिकारी

विषय: तपासणीच्या फॉर्मवरची 'दात व तोंड: सामान्य' ही ओळ

महोदय, महोदया,

कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने तपासणी होते तेव्हा वजन घेतात, रक्तदाब मोजतात, साखर बघतात, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात. मग 'दात व तोंड' हा रकाना येतो. तिथे 'सामान्य' लिहून पुढच्या माणसाला हाक मारली जाते आणि कित्येकदा तोंड उघडायलाही सांगितलेलं नसतं. आम्ही दंतवैद्य आहोत. असं 'सामान्य' ठरलेलं तोंड आमच्या खुर्चीत येतं ते दाढ दुभंगल्यावर, हिरडीतून पू यायला लागल्यावर किंवा जबडा दोन बोटांपलीकडे उघडेनासा झाल्यावर. तोवर उपचार लांबलेला असतो, महागलेला असतो आणि बऱ्याचदा दात वाचवायची वेळ गेलेली असते. आमचा या पत्राशी संबंध एवढाच, की तुमच्या कागदावर जे दिसत नाही ते निस्तरायला आमच्याकडे येतं.

विनवण्या करून थकलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो, याने दातांच्या कण्या केल्या. बदली माणूस द्या, सलग तिसरी रात्रपाळी नको, असं म्हणत कण्या करणाऱ्यांचे दात खरोखरच झिजलेले आम्ही पाहतो. पत्र तुम्हाला लिहिलंय, पण खिडकीमागे, वॉर्डात, वर्गात, नियंत्रण कक्षात आणि स्टिअरिंगवर बसलेल्यांनीही ते वाचावं म्हणून उघडं ठेवलंय.

आधी एक करून बघा. हे वाचताना तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकायला नकोत. ओठ मिटलेले, जीभ टाळूला हलकी लागलेली आणि दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट, ही जबड्याची विसाव्याची जागा. चावणं-गिळणं धरूनही दिवसभरात दात एकमेकांना लागतात ते जेमतेम २० मिनिटं.

आता खिडकीमागच्या माणसाकडे पाहा. रांग दाराबाहेर गेलीय, सिस्टिम अडकलीय, समोरच्याचा आवाज चढलाय आणि याला उलट बोलायची मुभा नाही. कानाच्या पाळीखाली, गालाच्या मागच्या कोपऱ्यात एक फुगवटा येतो, विरतो, पुन्हा येतो. तो चर्वणाचा स्नायू आहे. दात आवळलेले आहेत. आवाज होत नाही, त्यामुळे शेजारच्याला पत्ता नसतो आणि बहुतेक वेळा त्या माणसालाही नसतो. दातओठ खाणं म्हणतात ते हेच, फक्त इथे ओठ हसरे ठेवावे लागतात. २० मिनिटांचा हिशेब बघता बघता तासांवर जातो. संध्याकाळी कानशिलं ठणकतात, जेवताना जबडा दमतो, गाल आतून चावला जातो. जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटतात, सुळ्यांची टोकं सपाट होतात.

झोपेत दात खाणं ही थोडी वेगळी गोष्ट आहे, आणि इथे आमच्याच काही व्यवसायबंधूंशी आमचं पटत नाही. झोपेत दात खाणाऱ्या प्रत्येकाला 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवणं चूक आहे. झोपेतलं दात खाणं बहुतेक उथळ झोपेत, मेंदू क्षणभर चाळवला जातो तेव्हा होतं. त्यामागे घोरणं आणि श्वास अडकणं असू शकतं, छातीत आम्ल वर येणं असू शकतं, दारू, तंबाखू, रात्री उशिराची कॉफी किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्याही असू शकतात. ताणाशी जास्त सरळ नातं आहे ते जागेपणी दात आवळण्याचं. दोन्हींत फरक करायला यंत्र लागत नाही. 'दुखणं सकाळी उठताना जास्त असतं की ड्युटी संपताना?' एवढा प्रश्न विचारला तरी दिशा कळते. तो प्रश्न तुमच्या फॉर्मवर नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली: तुम्ही याला वैयक्तिक स्वच्छतेचा मामला समजता. ताण आणि तोंड यांचा संबंध आमच्या कल्पनेतला नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या हिरड्यांची टोकं कुजून गळायची, वेदना आणि दुर्गंधी इतकी की जेवणं मुश्किल व्हायचं. त्या आजाराला तेव्हा 'खंदकी तोंड' असंच नाव पडलं होतं. हिरड्यांच्या आजारांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातही या आजाराला पोषक कारणांमध्ये मानसिक ताणाची नोंद आहे. नेहमीच्या हिरड्यांच्या आजाराबाबत पुरावा इतका धारदार नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९९२ मध्ये ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरातल्या कामगारांच्या अभ्यासात कामाचा मानसिक भार आणि हिरड्यांची अवस्था यांचा संबंध आढळला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ईरी काउंटीतल्या अभ्यासात पैशाच्या विवंचनेचा आणि दातांभोवतालचं हाड झिजण्याचा संबंध दिसला, पण अडचणीला व्यवहारी मार्गाने तोंड देणाऱ्यांमध्ये तो तसा दिसला नाही. दोन्ही अभ्यास एका वेळच्या पाहणीचे आहेत. त्यांवरून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

ताण हिरडीपर्यंत कुठल्या वाटांनी पोचू शकतो, ते मात्र रोजच्या व्यवहारात दिसतं. दात घासणं पूर्ण थांबवलं तर निरोगी माणसाच्याही हिरड्या १० ते २१ दिवसांत सुजतात आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात सुधारतात, हे १९६५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगापासून माहीत आहे. रात्री साडेअकराला घरी पोचून पहाटे पाचला निघणारा माणूस दोन मिनिटांऐवजी वीस सेकंद ब्रश फिरवतो. त्यात लांबलेल्या ताणाने शरीरातलं कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं गणित बिघडतं आणि जंतूंना तोंड देणारी फौज ढिली पडते. तिसरी गोष्ट तंबाखूची. ड्युटीवर जागं राहायला किंवा डोकं शांत करायला ती जवळ केली जाते. सिगारेटमुळे हिरडीतलं रक्त येणं कमी होतं, त्यामुळे आतून हाड झिजत असताना हिरडी वरून बरी दिसते. रक्त न येणं म्हणजे हिरडी चांगली, असं सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत धरून चालू नका.

दुसरी: पाणी. ही तक्रार वाचताना क्षुल्लक वाटेल. आमच्या लेखी हीच सगळ्यात मोठी आहे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. शांत बसलेल्या माणसाच्या तोंडात मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर. ती ०.१ च्या खाली गेली की आम्ही तिला कोरड्या तोंडाची अवस्था म्हणतो. लाळ आम्ल धुते, निष्प्रभ करते आणि दाताला कॅल्शियम-फॉस्फेट परत देते. गोड काही खाल्लं-प्यालं की दातांवरच्या चिकट थरातली आम्लता काही मिनिटांत वाढते. सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, विरघळायला लागतं आणि लाळ पुरेशी असेल तर अर्ध्या-पाऊण तासात परिस्थिती पूर्ववत होते. आता गाडी चालवणारा, वॉर्डात धावणारी, चार तास खिडकी न सोडता येणारा माणूस काय करतो? शौचाला जाता येणार नाही म्हणून पाणीच पीत नाही. घसा ओला राहावा म्हणून गोड चहा-कॉफीचा एक पेला दोन तास पुरवतो, घोट-घोट. दर घोटाला आम्लाचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. आठ तासांच्या ड्युटीत दातांना सावरायला सलग अर्धा तासही मिळत नाही. मग हिरडीलगत, दाताच्या मुळाशी कीड धरते. तिथे एनॅमल नसतं आणि दात आणखी सौम्य आम्लातही विरघळतो. 'गोड कमी खा' ही सूचना भिंतीवर लावून हा प्रश्न सुटत नाही. त्या माणसाच्या जागी दहा मिनिटं कोणी तरी बसायला हवं.

तिसरी: रात्रपाळी. लाळेलाही दिवस-रात्र कळते. ती दुपारनंतर भरपूर असते आणि रात्री सगळ्यात कमी. पहाटे तीनला खाल्लेलं बिस्किट दुपारी तीनच्या बिस्किटापेक्षा दातांना जास्त जड जातं ते यामुळे. शिवाय आरोग्यशिक्षणाच्या पत्रकांवर 'रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करा' असं छापलेलं असतं. सकाळी नऊला झोपणाऱ्याने त्याचा काय अर्थ लावायचा? 'मोठ्या झोपेच्या आधी' असं छापा. दोन मिनिटं, फ्लोराइड असलेली पेस्ट (१००० ते १५०० पीपीएम), घासून झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही. ड्युटी संपल्यावर आंबट ढेकर किंवा उलटी झाली असेल तर आधी साध्या पाण्याने तोंड धुवायचं आणि अर्धा तास थांबून मग घासायचं, नाहीतर मऊ पडलेलं एनॅमल ब्रशबरोबर निघतं. पाळी दर तीन दिवसांनी बदलत असेल तर मोठी झोप कधी, हेही त्या माणसाला सांगता येत नाही. तेव्हा पत्रक सुधारून आमचं समाधान होणार नाही.

चौथी: रजा. दाढेला भेग पडली की लक्षणं चमत्कारिक असतात. चावताना नव्हे, चावून दाब सोडताना कळ जाते. थंड पाणी झोंबतं. नेमकी कुठली दाढ, ते बोट ठेवून सांगता येत नाही. भेग बहुतेक वेळा दाढेत पुढून मागे जाते, म्हणजे एक्स-रेच्या फिल्मला समांतर, त्यामुळे तिची सावली पडत नाही. एक्स-रे स्वच्छ येतो. कर्मचारी कळवळतोय आणि कागद म्हणतो काही नाही, मग रजा नामंजूर आणि वर 'कामचुकार' हा शेरा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भेग शोधायची तर दाढेच्या एकेका टोकावर छोटी पट्टी ठेवून चावायला लावतात आणि सोडायला सांगतात. पाच मिनिटांचं काम आहे. वेळेत सापडली तर कॅप बसवून दाढ टिकते, दाताच्या आतल्या नसेपर्यंत भेग गेली तर रूट कॅनाल करावं लागतं आणि मुळापर्यंत चिरली तर काढावी लागते. नाकारलेल्या रजेत ही मधली पायरी निघून जाते.

जबड्याच्या सांध्याचंही तेच. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे, डोकं दुखतं म्हणून डोक्याच्या, अशा फेऱ्या झाल्यावर कधी तरी कोणी जबड्याला हात लावतं. निरोगी तोंडात आपली तीन बोटं उभी सहज मावतात, म्हणजे ४० मिलिमीटर किंवा थोडं जास्त. हे मोजायला एक पट्टी पुरते.

पाचवी: गोळ्या. ताणाने रक्तदाब वाढला, झोप उडाली, औषध सुरू झालं. ते योग्यच. पण अमिट्रिप्टिलीनसारख्या गोळ्या तोंड कोरडं करतात, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्याही करतात आणि निफेडिपिन, अम्लोडिपिन यांच्या गटातल्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. गोळी बंद करायला आम्ही सांगत नाही आणि कर्मचाऱ्यांनीही परस्पर करू नये. गोळी लिहून देणाऱ्याने तोंडात एकदा डोकवावं, इतकंच.

सहावी: पैसे. ज्या योजनांमध्ये दात काढायचे पैसे मिळतात पण तो वाचवण्याचे मिळत नाहीत, त्या योजना आखणाऱ्यांनी आमच्याबरोबर एक दिवस बसावं. नाइट गार्ड 'सौंदर्योपचारा'त टाकलेला पाहिला की हसावं की रडावं कळत नाही. हा पारदर्शक, कडक अॅक्रिलिकचा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा साचा असतो, तोंडाचं माप घेऊन केलेला. तो दात खाणं थांबवत नाही. एनॅमलऐवजी प्लास्टिक झिजतं, इतकाच त्याचा उपयोग, आणि तेवढा पुरेसा आहे. बाजारातला, गरम पाण्यात मऊ करून चावायचा स्वस्त गार्ड काहींच्या बाबतीत उलटा पडतो. मऊ वस्तू दातांत आली की जबडा ती चावतच राहतो. सगळ्या दातांवर न बसणारा गार्ड वापरला तर उघडे राहिलेले दात हळूहळू सरकतात. माप घेतलेला गार्डही पहिल्या महिन्यात एक-दोनदा घासून जुळवावा लागतो. त्या भेटींना सुट्टी मिळत नाही म्हणून कित्येक गार्ड कपाटात पडून राहतात.

ताणमुक्तीची शिबिरं तुम्ही घेता याची आम्हाला कल्पना आहे. ती साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवू नका, एवढंच त्याबद्दल म्हणणं आहे.

कारण ताण म्हणजे नुसतं जास्त काम नव्हे. काम भरपूर आणि ते कसं, कधी, किती वेगाने करायचं यावर आपला शब्द चालत नाही, ही जोडी माणसाला झिजवते, अशी मांडणी १९७९ पासून अभ्यासकांमध्ये रूढ आहे. ब्रिटनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांना १९८५ पासून वर्षानुवर्षं तपासणाऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, ज्यांच्या हाती आपल्या कामाची सूत्रं कमी होती त्यांना हृदयविकार जास्त झालेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'ची नोंद कामाशी निगडित घटना अशीच आहे, माणसाचा दुबळेपणा अशी नाही. ड्युटीचार्ट तुमच्या टेबलावर तयार होतो, म्हणून पत्र तुमच्या नावाने.

आमच्या मागण्या अशा.

जिथे जागा सोडता येत नाही अशा प्रत्येक कामाला दर दोन तासांनी दहा मिनिटांची सुट्टी द्या आणि त्या दहा मिनिटांसाठी बदली माणूस चार्टवर नावानिशी लिहा. 'आपसात बघून घ्या' म्हटलं की कोणीच उठत नाही. हाताशी पिण्याचं पाणी आणि चालत जाण्याच्या अंतरावर चालू शौचालय असावं.

पाळीचा तक्ता किमान दोन आठवडे आधी लावा आणि दोन ड्युट्यांमध्ये ११ तासांची विश्रांती ठेवा. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळांसंबंधीच्या निर्देशात रोजच्या विश्रांतीचा आकडा हाच आहे, तेव्हा मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

दातदुखी आणि जबड्याच्या दुखण्याची रजा दंतवैद्याच्या तपासणीवर मंजूर करा. एक्स-रे स्वच्छ आहे, हे नामंजुरीचं कारण असू नये.

माप घेतलेला नाइट गार्ड आणि त्याच्या जुळवणीच्या भेटी, कीटण काढणं, भेग पडलेल्या दाढेची कॅप आणि कोरड्या तोंडासाठी फ्लोराइडचा उपचार हे सगळं प्रतिपूर्तीच्या यादीत घ्या.

तोंडाच्या तपासणीत जे निघेल ते त्या माणसाच्या बढतीत, बदलीत किंवा शारीरिक पात्रतेत वापरू नका. विभागवार आकडे मात्र नावं काढून दरवर्षी जाहीर करा. एकाच विभागात जबडे दुखणारे निम्मे लोक निघाले तर ब्रश त्यांचा नव्हे, चार्ट तुमचा तपासावा लागेल. विभाग फार लहान असेल तर आकडा शेजारच्या विभागात मिळवा, नाहीतर माणूस ओळखू येतो.

आणि ती 'सामान्य'ची ओळ काढून टाका. तिच्या जागी काय घालायचं ते खाली लिहून देत आहोत. याला एका माणसामागे पाच-सहा मिनिटं लागतात. चांगला उजेड, आरसा, मोजपट्टी आणि टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोळा असलेली खुणांची सळई एवढंच साहित्य. दंतवैद्य नसेल तिथे पहिल्या चार ओळी परिचारिकाही भरू शकेल.

आपले,
दातांच्या खुर्चीशेजारी उभे राहणारे काही दंतवैद्य

सोबत: फॉर्मसाठी मसुदा

१. जबडा, कानशिलं किंवा कान दुखतात का? उठताना / ड्युटी संपताना / दोन्ही वेळी / नाही.
२. कोरडं खाणं गिळायला पाणी लागतं का? चालू गोळ्यांची नावं.
३. तोंड किती उघडतं: ___ मिलिमीटर. (३५ पेक्षा कमी असल्यास दंतवैद्याकडे.)
४. तोंडात दोन आठवड्यांहून जुनी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? (असल्यास त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे. 'उष्णतेने तोंड आलंय' म्हणून थांबू नये.)
५. तोंडाच्या सहा भागांत सळई हलक्या हाताने फिरवून: रक्त येतं / येत नाही, खोली ४ मिलिमीटर किंवा जास्त आहे / नाही. तंबाखू: होय / नाही.
६. झिजलेली टोकं, भेगा, निखळलेली फिलिंग: कुठल्या दातावर.
७. मागच्या महिन्यात किती रात्रपाळ्या, किती वेळा ११ तासांपेक्षा कमी विश्रांती. (ही ओळ कर्मचाऱ्याने नव्हे, ड्युटी लावणाऱ्याने भरून सही करायची.)